डोल नव्हे, सावली मोजतात

मा. संपादक,

सूर्यमालेबाहेरच्या ग्रहांच्या बातम्यांत एक वाक्य ठरलेलं असतं: ग्रहाच्या ओढीने तारा डुलतो, डोल मोजला की कक्षा कळते. संथ ताऱ्यांपुरतं ते खरं आहे. गरगर फिरणाऱ्यांजवळ ही युक्ती लंगडी पडते.

डोल मोजायचा तो वर्णपटातल्या, म्हणजे रंगांत फोडलेल्या प्रकाशातल्या, काळ्या रेषा किती सरकल्या त्यावरून. सूर्याचा विषुववृत्ताशी वेग सेकंदाला 2 किमी, म्हणून रेषा बारीक. देवयानी तारकासमूहातल्या वास्प-33 या ताऱ्याचा सुमारे 86 किमी. एक कड आपल्याकडे येते, दुसरी दूर जाते आणि रेष दोन्हीकडे फाकते. ताज्या काकरीचा मध्य बोटाने दाखवता येतो. झडीत कडा ढासळल्यावर दाखवा बरं! त्यात असे तारे जास्त तापलेले, रेषा मुळातच कमी.

म्हणून ग्रह ताऱ्यासमोरून जाताना, म्हणजे अधिक्रमणात, एकामागून एक वर्णपट घेतात. शेकडो रेषा मिळून एकच सरासरी रेष करायची आणि तिच्यातून अधिक्रमणाबाहेरची रेष वजा करायची. झाकलेल्या तुकड्याच्या वेगापाशी बारीक उंचवटा उरतो, हीच ग्रहाची सावली. तो निळ्या, म्हणजे आपल्याकडे येणाऱ्या, कडेकडून लालकडे सरकला तर कक्षा ताऱ्याच्या फिरण्याच्या दिशेने. वास्प-33 चा ग्रह उलटा निघाला. हंस तारकासमूहातल्या केल्ट-9 चा उंचवटा जवळपास जागचा हलत नाही, कारण ग्रह ध्रुवांवरून जातो. एकेक वर्णपट फार वेळ घेतला तर सावली पुसट होते, घाईने घेतला तर मोजमापातल्या खरखरीत बुडते. एवढं करूनही कक्षेचा आपल्याला दिसणारा तिरपेपणाच मिळतो. ताऱ्याचा आस आपल्याकडे किती कललाय ते कळत नाही. फिरून फुगलेल्या ताऱ्याचे ध्रुव अधिक उजळ असतात, त्यामुळे ग्रह आड आल्यावर प्रकाशात पडणारा खड्डा एकीकडे झुकतो. केपलर-13 या ताऱ्याचा कल त्यावरूनच काढला.

वर्णपटाला मोठी दुर्बीण लागते. पण वास्प-33 च्या प्रकाशातली जेमतेम 1 टक्क्याची घट मेळघाटातून 8 इंची दुर्बीण आणि कॅमेऱ्याने टिपता येईल. नोव्हेंबरात मध्यरात्रीच्या सुमारास तो उत्तरेला 73 अंशांवर असतो. ग्रहाची फेरी सव्वाएकोणतीस तासांची, म्हणून वेळापत्रक आधी काढावं. अधिक्रमण पावणेतीन तासांचं. पुढेमागे तासभर धरावा. तारा आठव्या प्रतीचा, दुर्बिणीला बराच तेजस्वी, तेव्हा फोकस थोडा सोडावा, नाहीतर चित्र प्रकाशाने भरून जातं. तारा स्वतःही तासाभराच्या अंतराने किंचित धडधडतो. ते तरंग खड्ड्यात मिसळतात. आणि भिंगावर दव धरू देऊ नका. हळूहळू उतरणारा प्रकाश हुबेहूब ग्रहासारखा दिसतो.

– आकाशनिरीक्षक गट, ता. चिखलदरा, जि. अमरावती