मोडत चाललेल्या वाटांची खबर छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की आपल्या शनिवारच्या पुरवणीत भटकंतीची पाने वाढतात. मी ती आधी वाचते, बाकीचा पेपर नंतर. पण गेली कित्येक वर्षे पाहते आहे, नावे तीच ती असतात. राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई आणि आता पवना धरणाच्या काठावरचे तंबू. ज्या घाटवाटांवर वर्षाकाठी शंभर माणसेही जात नसतील, त्यांच्याविषयी चार ओळीसुद्धा येत नाहीत. हे पत्र त्या वाटांसाठी आहे.

मी टपाल खात्यातून ३४ वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झाले. आता ६३ वर्षांची आहे. १९८४ पासून सह्याद्रीत हिंडते. हे पत्र मात्र सुचले ते फार लांब, कॅनडातल्या एका तळ्याच्या काठी.

लेक टोरांटोला असते. पहिल्यांदा गेले ती तिच्या बाळंतपणाला, तेव्हा घराबाहेर पाऊलच पडले नाही. गेल्या ऑगस्टमध्ये पुन्हा गेले. जावयांना कनूचा नाद. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वल्ह्याने हाकायची हलकी होडी. "आई, तुम्ही सह्याद्रीतल्या नळ्या, त्या अरुंद उभ्या घळी उतरता, मग हे तुम्हाला सहज जमेल," म्हणाले. मे-जूनमध्ये तिथे काळ्या माशा फोडून खातात, म्हणून ऑगस्टअखेर निघालो. नातू लेकीपाशी राहिला.

सवय व्हावी म्हणून पहिले दोन दिवस अल्गॉन्क्विन पार्कात काढले. १८९३ साली स्थापन झालेले हे उद्यान, आत दोन हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे जलमार्ग. सगळे आखीव. मुक्कामाच्या जागेवर केशरी पाटी, होडी उचलून न्यायच्या वाटेवर पिवळी पाटी आणि तिच्यावर मीटरमध्ये अंतर. पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या आत न्यायला बंदी. छानच होते, पण माझा जीव रमला तो पुढे टेमागामीत.

टेमागामी टोरांटोपासून उत्तरेला साधारण साडेचारशे किलोमीटरवर आहे. लाल आणि पांढऱ्या पाइनची जुनी झाडे, खडक, आणि जिकडे पाहावे तिकडे तळी. तिथल्या मूळ अनिशिनाबे लोकांनी एका तळ्यातून दुसऱ्यात जायच्या वाटांचे जाळे पिढ्यान्‌पिढ्या वापरून तयार केले. त्या जाळ्याला ते नस्तावगन म्हणतात. दोन तळ्यांमधला पायी चालायचा तुकडा म्हणजे ओनिगम, बाकीचे लोक त्याला पोर्टेज म्हणतात. आपल्याकडे घाटवाट कोकण आणि देश जोडते, तसेच हे काम. बरीचशी जमीन सरकारी, तिथे जागा आधी राखून ठेवायची सोय नाही. मी परदेशी, म्हणून माझ्यापुरता मुक्कामाचा परवाना तेवढा काढावा लागला.

जावयांनी मुद्दाम कमी वापराचा मार्ग निवडला होता. पहिल्याच ओनिगमवर त्यांनी होडी उलटी करून खांद्यावर घेतली. होडीच्या मधोमध खांद्यांवर बसेल असे खाचा पाडलेले आडवे लाकूड असते, त्याला तिथे योक म्हणतात. म्हणजे आपले बैलाचे जूच. शब्द कळला आणि त्या जंगलात मला एकदम घरचे कुणी भेटल्यासारखे झाले. मी सामानाची सॅक आणि वल्ही घेऊन मागून चालत होते. पन्नास पावलांवर वाट संपली. समोर आडवी पडलेली झाडे, गुडघाभर शेवाळ, पलीकडे काय ते दिसेना. तेव्हा एका पाइनच्या बुंध्यावर मला कुऱ्हाडीची खूण दिसली. कुणीतरी कधीकाळी साल तासून केलेली. चारही बाजूंनी झाडाची साल पुन्हा वाढत आली होती आणि मधे फक्त रुपयाएवढी फट उरली होती. हात लावला तर आतले लाकूड राखाडी, गुळगुळीत. आणखी काही वर्षांनी ती फट मिटेल आणि वाट त्या झाडाच्या पोटात जाईल, असे वाटून मी तिथे जरा थांबलेच.

त्या खुणेच्या अंगाने पुढे गेलो. एका पडक्या झाडावर करवतीचे दोन काप होते, एक जुना काळवंडलेला, दुसरा अजून पिवळा. म्हणजे आमच्याआधी कुणीतरी, बहुधा त्याच उन्हाळ्यात, तिथे थांबून घाम गाळला होता. त्यापुढची दोन झाडे जावयांनी घडीच्या करवतीने कापली. मी फांद्या ओढल्या. सहाशे मीटरला अडीच तास लागले.

नकाशावर मुक्कामाच्या तीन जागा दाखवल्या होत्या. पहिली सापडलीच नाही. दुसरी पाण्यावरून ओळखू आली नाही, काठावर उतरल्यावर पायाला दगड लागले. शेवाळ बाजूला केले तर चुलीचे गोल मांडलेले दगड. तंबू ठोकायच्या सपाट जागेत फरची कमरेएवढी रोपे उगवलेली. मागे झाडीत शौचासाठी झाकणाची लाकडी पेटी ठेवायची तिथे पद्धत आहे. ती कुजून आडवी झाली होती आणि तिच्यातून रासबेरीचे झुडूप वर आले होते. तिसऱ्या जागी पोचेपर्यंत दिवस मावळला. ती जागाही विसरलेलीच, पण खडकाच्या कपारीत बर्चच्या सालीखाली झाकून ठेवलेली फोडलेली लाकडे होती. कोरडी. मागून येणाऱ्याला भिजल्या अंगाने लाकूड शोधावे लागू नये म्हणून आधीचा माणूस ठेवून जातो, असे जावई म्हणाले. त्या रात्री पाऊस लागला. त्या लाकडांवर आम्ही भात शिजवला. सकाळी निघण्याआधी तेवढीच लाकडे फोडून परत तिथे ठेवली, मगच होडी पाण्यात घातली.

परतल्यावर होडी भाड्याच्या दुकानात द्यायला गेलो. दुकानाच्या भिंतीवर मोठा नकाशा, त्यावर रंगीत टाचण्या. दुकानदाराने भाड्याचे पैसे नंतर मोजले. आधी विचारले, झाडे कुठे पडली आहेत, कुठली जागा वापरता येते, बीव्हर या पाण्याकाठच्या प्राण्याने बांध घालून वाट कुठे बुडवली आहे का. मग दोन टाचण्या हलवल्या आणि तारीख लिहिली. एवढेच. माणसे जातात थोडी, पण प्रत्येक जण मागच्यासाठी खबर सोडून जातो. त्या रानात मुक्कामाच्या जागा राखायला पगारी माणूस रोज फिरत नाही. वाट टिकते ती या खबरीवर आणि घडीच्या करवतीवर.

आता आपल्याकडचे सांगते. या जानेवारीत आम्ही सहा जणी पुणे जिल्ह्यातल्या केळद गावाच्या बाजूने एका घाटवाटेने कोकणात उतरलो. मढे घाट नव्हे. तानाजी मालुसऱ्यांचा देह ज्या वाटेने उमरठला नेला असे सांगतात, ती वाट अजून लोकांच्या पायाखाली आहे. मी म्हणते ती तिच्या शेजारची, नाव नसल्यासारखी. सोबत माथ्यावरच्या वाडीतला वाटाड्या होता, सत्तरीचा. त्याची आई याच वाटेने खालून मिठाची आणि सुकटीची पाटी डोक्यावर घेऊन वर येई. रस्ता झाला, एसटी आली, वाट मोडली. कारवीची झुडपे इतकी माजलेली की त्यालाही दोनदा मागे फिरावे लागले. मधल्या टप्प्यावर कातळात खोदलेले पाण्याचे टाके आहे, पूर्वी उतारूंचा मुक्काम तिथेच पडे. टाके गाळाने भरलेले, वर पालापाचोळा आणि दारूच्या चार बाटल्या. ज्या वाटेने माणूस जात नाही तिथे बाटल्या बरोबर पोचतात. आम्ही बाटल्या बाहेर काढल्या. गाळ काढायला ना घमेले होते, ना वेळ. वाटाडा टाक्याच्या काठावर बसून राहिला होता. म्हणाला, "ताई, चार माणसं दोन दिवस राबली तर पाणी लागंल हितं."

जुन्नरजवळच्या नाणेघाटात जाऊन पाहा. सातवाहनांच्या काळात दोन हजार वर्षांपूर्वी व्यापारी तांडे तिथून चढत. माथ्याशी सातवाहन राणी नागनिकेचा लेख असलेली लेणी, आसपास पाण्याची टाकी, दगडी रांजण. ज्याने घाट खोदला त्याने विसावा आणि पाणी आधी पाहिले. आपण घाटाचे फोटो काढतो आणि टाक्यात डोकावतही नाही.

माझ्या मैत्रिणीच म्हणतात, नाव छापलेस की गर्दी होईल, देवकुंड धबधब्याचे आणि अंधारबनच्या जंगलवाटेचे गर्दीने काय झाले ते पाहिलेस ना? पाहिले आहे. भीती खरी आहे आणि मलाही ती वाटते. पण मी धबधब्याचे फोटो छापा असे म्हणत नाही. अमुक टाक्यात गाळ आहे, तमुक ठिकाणी दरड आल्याने वाट वरून वळवावी लागते, अशी कोरडी खबर वाचून रविवारची गर्दी घाटात उतरत नाही. ज्याला खरेच जायचे आहे तोच ती वाचतो. शिवाय माथ्याच्या आणि पायथ्याच्या गावाने हो म्हटल्याशिवाय कुठल्याच वाटेचे नाव छापू नये. वनखात्याची आणि टाके पुरातत्त्व खात्याकडे असेल तर त्यांचीही परवानगी घेतल्याशिवाय गाळाला हात लावू नये. या दोन अटी मी स्वतःच घालते.

तेव्हा विनंती अशी. ऑक्टोबर ते मे या काळात पुरवणीत दर पंधरा दिवसांनी एक लहानशी चौकट घाटवाटांसाठी ठेवावी. वाचकांकडून पोस्टकार्डे मागवावीत. कार्ड अजून पन्नास पैशांना मिळते आणि त्यावर मावेल तेवढीच खबर पुरे: तारीख, वाट कुठे मोडली, पाणी कुठे आहे, मुक्कामाची जागा कशी आहे, वाटाड्या मिळतो का. पुण्यात गिर्यारोहण संस्था थोड्या नाहीत. एकेकीने एक वाट दत्तक घेऊन पावसाळ्यानंतर एकदा कारवी छाटली आणि टाके उपसले, तर दोन-तीन वर्षांत केळदपासून नाणेघाटापर्यंत फरक दिसेल. पहिल्या वर्षाची कार्डे वाचून, लावून, पडताळून द्यायचे काम मी घरी बसून करीन. टपालाची छाननी हेच आयुष्यभर केले आहे.

सोबत पहिले कार्ड जोडले आहे, जानेवारीतल्या त्या वाटेचे. वाडीतल्या लोकांना विचारूनच लिहिले आहे. टाक्याच्या गाळाची खोली मी काठीने मोजली होती, साडेतीन फूट भरली. ती आणि वाटाड्या कुठल्या वाडीत भेटेल ते, दोन्ही त्यावर आहे.

आपली,
एक निवृत्त टपाल कर्मचारी
कर्वेनगर, पुणे