मनू, रविवारच्या फोनबद्दल

प्रिय मनू,

रविवारी मी फोन मध्येच ठेवला, त्याचं दोन दिवस वाईट वाटतंय म्हणून लिहितेय. व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्याने नको, मग मी निळ्या टिका कधी येतात बघत बसते. हे सगळं एकदाच लिहून मेल करते, तू सवडीने वाच. बाबा खाली आहेत, तुझ्या दवाखान्यासाठी ठेवलेल्या खोलीच्या शटरला तेल घालताहेत, दिवाळीआधी घालतात तसं.

आपल्या इथल्या नियमाने तुझ्या जर्मनीतल्या डिग्रीवर इथे डॉक्टरकी करता येणार नाही, हे तू बोललीस ते बरोबरच होतं. राग आला तो तुला इतकी वर्षं माहीत होतं आणि आम्हाला सांगितलं नाहीस ह्याचा, नियमाचा नाही. खरं तर नियमाचाही आला. सप्टेंबर २०२१ ला तुला विमानात बसवलं आणि नोव्हेंबरात तो नियम आला, दोन महिन्यांत. मी काल शेजारच्या पोराकडून प्रिंट काढून आणली आणि चष्मा लावून वाचली. कोर्स ५४ महिन्यांचा पाहिजे, तुझा सहा वर्षांचा आहे, ठीक. त्याच कॉलेजात १२ महिने इंटर्नशिप पाहिजे, तर तुमचं शेवटचं वर्ष १६-१६-१६ असं ४८ आठवड्यांचं, कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं, चार आठवडे कमी पडतात. तेवढ्याचं काहीतरी करता आलं असतं कदाचित. पण शिक्षण इंग्रजीतूनच झालेलं पाहिजे असं लिहिलंय, आणि तू शिकतेयस जर्मनमधून. त्याच्यापुढे मी वाचलंच नाही.

बरं, हे आता परत काढत नाही.

तू अभ्यासक्रमाच्या कमिटीवर विद्यार्थ्यांकडून निवडून आलीस हे सांगायला फोन केला होतास, आणि मी त्यावर एक शब्द बोलले नाही. आत्ता बोलते. हायडेलबर्गच्या प्रोफेसरांच्या शेजारी खुर्चीवर बसून डॉक्टर कसे घडवायचे ह्यावर आपली मनू मत देणार. माईंना सांगितलं तेव्हा त्यांनी देवापुढे साखर ठेवली, कमिटी म्हणजे काय ते कळलं नाही त्यांना पण ठेवली.

मेडिकलच्या कोर्सचे दोन तुकडे करावेत का, हा तुमच्या कमिटीतला वाद मी नंतर नीट समजून घेतला. १९९९ ला बोलोन्यात २९ देशांचे मंत्री बसले आणि सगळीकडे आधी बॅचलर मग मास्टर असं करायचं ठरवलं. हॉलंड, स्वित्झर्लंडने मेडिकलसुद्धा तीन अधिक तीन असं कापलं, जर्मनीने मेडिकल बाहेर ठेवलं आणि सरकारी परीक्षाच चालू ठेवली. तुझं म्हणणं की कापू नये, तीन वर्षांनी बाहेर पडलेला अर्धा डॉक्टर काय करणार. मनू, मला नाही पटलं. तुला सांगितलं नसेल कधी, मी फीमेल मेडिकल वॉर्डला असताना एक इंटर्न होता, लातूरकडचा, हुशार, पण पेशंट गेला की लिनन रूममध्ये जाऊन रडायचा. एकदा रात्री तीन वाजता मला म्हणाला, सिस्टर मला हे नाही जमणार, पण आता काय करू, पाच वर्षं गेली आणि वडिलांनी रान विकलंय. मी त्याला चहा दिला, दुसरं काय देणार. त्याला तिसऱ्या वर्षाला हातात काहीतरी कागद घेऊन मानाने बाहेर पडता आलं असतं तर? तुमच्या कमिटीत हे सांग. माझं नाव नको सांगू, पण त्या पोराचं सांग.

आणि दुसरं पण सांग, तुमच्याकडचं जे चांगलं आहे ते कुणाला काढू देऊ नका. तुला आठवतंय ना, फिजिकुमच्या, म्हणजे तुमच्या पहिल्या सरकारी परीक्षेच्या, आधी तीन महिने नर्सिंगचं काम करावंच लागतं हे तू पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. डॉक्टर होणाऱ्या पोरांनी पेशंटला आंघोळ घालायची, चादर बदलायची, भरवायचं, बेडपॅन द्यायचं. तू फोनवर म्हणालीस, आई आज एका आजोबांना पहिल्यांदा कुशीवर वळवलं, तू म्हणतेस तसं गुडघा आधी वाकवून. मी ड्युटीवर होते, स्टाफरूममध्ये जाऊन डोळे पुसले. ३१ वर्षं मी वॉर्डात काढली, चांगले चांगले इंटर्न बघितले, पण बेडपॅन उचललेला एक नाही आठवत. व्हेन सापडत नाही म्हणून चार वेळा टोचतील आणि मग हाक मारतील सिस्टर. त्यांचा दोष नाही म्हणा, त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. आणि ३२० प्रश्नांचं ते फिजिकुम तू पहिल्या फटक्यात काढलंस, तीनच संधी असतात हे पण तू पास झाल्यावर सांगितलंस! तुझी ही सवयच आहे, अवघड गोष्ट नंतर सांगायची. अंबाबाईची ओटी भरून आले मी तेव्हा, तुला बोलले नव्हते, म्हणजे मी पण तशीच.

पेशंट म्हणून नटांना बसवतात आणि वाईट बातमी कशी सांगायची त्याचा सराव करून घेतात, ते तर मला फारच पटलं. आमच्याकडे चौदा नंबर बेडच्या बाईला तिचा नवरा गेल्याचं डॉक्टरांनी चालता चालता सांगितलं होतं, कॉरिडॉरमध्ये, मागे वळून न बघता. ती खाली बसली, मी तिला धरलं, माझ्या हातात ट्रे होता तो पडला. अजून तो आवाज डोक्यात आहे. तिकडे म्हणे २०१७ ला मोठा प्लॅन केला, पेशंटशी बोलणं शिकवायचं, साध्या फॅमिली डॉक्टरकडचं शिक्षण वाढवायचं, आणि पैसे केंद्राने द्यायचे की राज्यांनी ह्यावर अडलं. तू चिडून सांगत होतीस आणि मला वाटलं चला, हे तरी आपल्यासारखंच आहे. फ्रान्सने बघ, लेखी परीक्षेच्या जोडीला आता स्टेशन लावून प्रत्यक्ष करून दाखवायची परीक्षा घेतात आणि रँकमध्ये त्याचे ३० टक्के धरतात. नुसतं पाठ करणाऱ्याची गाडी अडते तिथे. असं काहीतरी मागा ना तुम्ही.

आता मला जे कळत नाही ते. कदमांचा ओंकार पोलंडला आहे, त्याचं सगळं इंग्रजीतून. त्याची आई परवा भाजी घेताना म्हणाली, आमचा परत येऊन इथली परीक्षा देणार. मी हसले आणि घरी येऊन कोथिंबीर निवडायची तशीच राहिली. पण मग तुझंच वाक्य आठवलं, ज्या डॉक्टरला पेशंटची भाषा येत नाही त्याने नाडी तरी कशी बघायची. आणि मनू, हे तर मीच तुला शिकवलंय. लहानपणी तुला वॉर्डात न्यायचे तेव्हा त्या सीमेकडच्या म्हाताऱ्या कानडीतच बोलायच्या आणि मी मोडकंतोडकं बोलायचे, तू विचारायचीस आई तुला कसं कळतं. तू जर्मन शिकायला पुण्याला मॅक्सम्युलर भवनात दीड वर्ष जाऊन बसलीस, मग तिकडे स्टुडियनकोलेग, म्हणजे विद्यापीठाआधीचा तयारीचा कोर्स, केलंस, आणि आता तिथल्या आजीबाई तुला त्यांच्या गावच्या बोलीत दुखणं सांगतात आणि तुला कळतं. म्हणजे तू जे बरोबर केलंस, त्याच्यामुळेच तुला इथलं दार बंद. मी कितीही फिरून आले तरी इथेच येऊन थांबते. माफ कर, परत काढणार नाही म्हटलं होतं.

तुझ्या निरोपाला तात्यांनी भाषण केलं होतं ते आठवतं? रखमाबाई १८८९ ला लंडनला गेल्या, डॉक्टर झाल्या. तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला त्यातलं लक्षात राहिलं ते पुढचं, की त्या परत आल्या, सुरतेला आणि राजकोटला बायकांना तपासत राहिल्या.

युरोपात म्हणे किमान पाच वर्षं आणि ५५०० तास शिकलं की एका देशातली डिग्री दुसऱ्या देशात आपोआप चालते, पोर्तुगालचा डॉक्टर फिनलंडला. पण आपोआप ते तिथल्या नागरिकांना, असं तू म्हणालीस आणि थांबलीस. तू जिथे थांबलीस ते मला कळलं गं. दोन पासपोर्ट आपल्याकडे चालत नाहीत हे मलाही माहीत आहे. तो निर्णय घेशील तेव्हा आधी सांग, नंतर नको. एवढं एकच मागते. आणि घाईत घेऊ नको, कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नको, रात्री जागून घेऊ नको, तुला झोप नसली की तू टोकाचं बोलतेस, दहावीपासून बघतेय. जेवण वेळेवर कर, ब्रेडवर दिवस काढू नको, हिमोग्लोबिन शेवटचं कधी केलंस? बघ, लागले परत लेक्चर द्यायला. तू २३ वर्षांची आहेस, लोकांचे हिमोग्लोबिन तू बघणार आहेस.

माझ्या डोक्यात एक आलंय. ते चार महिन्यांचं फामुलाटूर, सुट्टीत दवाखान्यात राबून शिकायचं ते, त्यातला काही भाग बाहेरच्या देशात करता येतो असं तूच म्हणाली होतीस. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत तुम्हाला लेक्चर नसतात. एक महिना इथे कर ना मिरजेत. डिग्री चालेल न चालेल, पोरीला वॉर्डात उभी राहून शिकायला कोण नाही म्हणणार आहे, मी माझ्या जुन्या मॅडमना विचारते. पत्र कसं पाहिजे, कुणाचा सही-शिक्का लागतो ते त्या तुझ्या ऑफिसला विचारून कळव. तिकीट आत्ताच बघ, जानेवारीत वाढतात.

मेतकूट आणि गोडा मसाला दादाबरोबर पाठवतेय, तो मुंबईहून कुरिअर करेल.

तुझी
आई

ता. क. बाबा रविवारी दूध आणायला गेले होते, त्यांनी आपलं बोलणं ऐकलेलं नाही. मी पण काही बोलले नाहीये. खालच्या खोलीत बेसिनसाठी त्यांनी प्लंबरला शुक्रवारी बोलावलंय. त्याच्या आधी तू त्यांना फोन कर, मला नाही सांगता येणार.