तात्या, तुम्ही सत्कार घेत नाही, म्हणून हे पत्र

आदरणीय तात्या,

साष्टांग नमस्कार.

माजी विद्यार्थी मेळाव्यात तुमच्या सत्काराचा विषय दर वर्षी निघतो आणि दर वर्षी तुम्ही तो हाणून पाडता. प्रयोगशाळेच्या दारावर नावाची पाटी लावू देत नाही, स्मरणिकेत फोटो छापू देत नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. यात तुमचं नाव येणार नाही, गावही येणार नाही. पण तुम्ही काय केलंत ते सगळं येणार. आपल्या कॉलेजातून शिकून पुण्या-मुंबईला गेलेली, चार पैसे हाताशी असलेली माझ्या वयाची पुष्कळ मुलं-मुली मला विचारतात, “कॉलेजसाठी काहीतरी करायचंय गं, पण नक्की काय करू?” त्यांना ते कळायला हवं.

आधी निधीचं सांगते, कारण माझं शिक्षण त्याच्यावरच टिकलं.

आमच्या माण तालुक्यातल्या घरी वडिलांचा मुंबईतल्या माथाडी कामाचा पगार आणि पाऊस झालाच तर बाजरी, एवढ्यावर सगळं भागायचं. शिष्यवृत्तीला मी पात्र होते, ती मंजूरही होत होती. अडचण वेगळीच होती. मंजुरी मिळाल्यापासून पैसे खात्यावर येईपर्यंत कित्येक महिने जात, आणि तेवढ्या काळात परीक्षेचा फॉर्म थांबत नाही, खानावळीचं बिल थांबत नाही. लोकांना वाटतं, मुलींची फी आता सरकार भरतं, मग मदत कशाला लागते? व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या, कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींची फी शासनानं २०२४ पासून माफ केली, ते फार चांगलं झालं. पण खेड्यातून आलेल्या मुलीचा खरा खर्च खोली, खानावळ, एसटीचा पास आणि पुस्तकं हाच असतो. तिचं कॉलेज सुटतं ते बहुधा अशाच एखाद्या लहान रकमेपायी, आणि ती रक्कम इतकी लहान असते की कुणाकडे मागायचीही लाज वाटते.

तुम्ही नेमकं ते ओळखलंत. बँकेतून निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशांतून एक रक्कम कॉलेजकडे ठेवलीत आणि तिला ‘फिरता निधी’ म्हणालात. ज्याची शिष्यवृत्ती मंजूर आहे पण हातात आलेली नाही, त्यानं यातून उचल घ्यायची आणि पैसे आले की परत भरायचे. व्याज नाही, जामीन नाही. परत भरणं जमलंच नाही तर कुणी दारात येणार नाही. कुणाला द्यायचे ते प्राचार्य आणि दोन प्राध्यापकांनी ठरवायचं, तुम्हाला नावंसुद्धा कळवायची नाहीत. धनादेश हातात देऊन मुलाला फोटोला उभं करायचं नाही. ही शेवटची अट कागदावर लिहून घेतलीत, हे मला कार्यालयातल्या भाऊसाहेबांनी पुढे कधीतरी सांगितलं. तात्या, त्या अटीचं मोल ज्यानं उचल घेतली त्यालाच ठाऊक. मी वसतिगृहात इतर मुलींच्या पंगतीला बसून जेवत होते आणि माझं बिल कुठून भरलं गेलं हे त्यांच्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं. मलासुद्धा पदवी हातात पडेपर्यंत तो निधी तुमचा आहे हे माहीत नव्हतं.

तुम्हाला मात्र मी त्याआधीच भेटले होते. दुसऱ्या वर्षाला असताना घरात माझ्या लग्नाचं चाललं होतं. स्थळ चांगलं होतं, मुलगा पोलिसात होता, आणि आजोबांनी मनावर घेतलं होतं. आमच्या रसायनशास्त्राच्या बाईंना मी रडत रडत सांगितलं, आणि पुढच्या रविवारी बाई आमच्या गावी आल्या त्या तुम्हाला बरोबर घेऊन. तुम्ही ओसरीवर बसलात. पहिला तासभर तुम्ही माझ्या शिक्षणाचा विषयसुद्धा काढला नाहीत. विहिरीला पाणी किती आहे, मेंढरं किती राहिली, म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथाला यंदा कोण कोण आलं होतं, हेच बोलत होतात. मग आजोबांना म्हणालात, “माझे चुलते कर्मवीरांच्या बोर्डिंगात शिकले. घरातून त्यांना कुणी पाठवलं नव्हतं, अण्णांनी नेलं. ते शिकले म्हणून आमच्या घरात मी शिकलो. तुमच्या घरात ही पहिली आहे. दीड वर्ष द्या तिला.” आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, “तुम्ही एवढ्या लांबनं आलाय, तर इचार करतो.” आणि त्यांनी तो केला.

तुम्ही अण्णांचं, म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटलांचं, नाव घेतलंत ते नुसतं वजन पडावं म्हणून घेतलं नव्हतं, हे मला आता कळतं. रयत शिक्षण संस्थेची सुरुवातच मुळी अशी झाली. १९१९ साली काले गावी संस्था निघाली, १९२४ला साताऱ्यात बोर्डिंग सुरू झालं आणि सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवायला बसली. १९२७ मध्ये गांधीजी तिथे आले आणि त्यांच्या हस्ते त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. पण त्या मुलांचं रोजचं जेवण कसं निघायचं? भाऊराव गावोगाव फिरून धान्य आणि पैसा जमा करायचे, आणि कोठी रिकामी झाली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवलं नाही. आम्ही शाळेपासून ही गोष्ट कर्मवीर जयंतीच्या भाषणात म्हणत आलो. पाठ होती. खानावळीचं बिल भरता न येणं म्हणजे काय हे स्वतः अनुभवल्यावर ती गोष्ट मला पहिल्यांदा समजली.

त्याच बोर्डिंगातले बॅरिस्टर पी. जी. पाटील यांच्याबद्दल तुम्ही आम्हाला एका व्याख्यानात सांगितलं होतं. खेड्यातला मुलगा, अण्णांच्या छत्राखाली वाढला, विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाला. मुंबईत वकिली करून त्याला हवा तेवढा पैसा मिळवता आला असता. तो परत आला, साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात शिकवू लागला, तिथला प्राचार्य झाला, आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरूही. माजी विद्यार्थी कसा असावा याचं याहून मोठं उदाहरण आपल्या जिल्ह्यात मला तरी माहीत नाही. पण त्या दिवशी तुम्ही लगेच पुढे म्हणालात, “सगळ्यांना परत येता येत नाही, आणि यायलाच पाहिजे असंही नाही. जिथं आहात तिथनं कॉलेजला उपयोगी पडा.” परदेशात असलेल्या आपल्या कितीतरी मुलांना या वाक्यानं धीर दिला असेल. लांब राहिलो म्हणजे तुटलो, असं वाटणं त्यामुळे बंद झालं.

आता ब्युरेटचं, म्हणजे प्रयोगात द्रव थेंबाथेंबानं मोजून सोडायच्या काचेच्या नळीचं, सांगते. हे ऐकून तुम्ही हसाल, पण मला ते सगळ्यात मोठं वाटतं.

एका सधन माजी विद्यार्थ्याला कॉलेजला काहीतरी भव्य द्यायचं होतं. कमान बांधू का, असं तो विचारत होता. तुम्ही त्याला घेऊन थेट रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आलात आणि प्राध्यापकांच्याही आधी प्रयोगशाळा परिचराला विचारलंत, “मामा, तुम्हाला काय कमी पडतं?” मामा म्हणाले, ब्युरेटच्या तोट्या गळतात, डिस्टिल्ड वॉटरचा संच वरचेवर बंद पडतो, आणि वजनकाटा एकच असल्यामुळे पोरं रांगेत उभी राहतात. कमानीचा विषय तिथेच संपला. त्या वर्षी ब्युरेट आली, पिपेट आली, पाण्याचा नवा संच आला, दोन डिजिटल वजनकाटे आले. तोटी गळत असली की टायट्रेशनचं, म्हणजे द्रव मोजून मिसळत करायच्या तपासणीचं, रीडिंग चुकतं, आणि मुलाला वाटतं आपलाच हात वाईट आहे. आज मी शिरवळच्या एका औषध कंपनीत गुणवत्ता नियंत्रण विभागात काम करते. तिथे दशांश चिन्हानंतरच्या आकड्यावर अख्खी बॅच अडते किंवा सुटते. आकड्यावर विश्वास ठेवायला मी त्या न गळणाऱ्या ब्युरेटवर शिकले, तात्या.

देणाऱ्याला काय द्यावंसं वाटतं आणि कॉलेजला काय लागतं, यात फार अंतर असतं. तुम्ही ते अंतर चालून जात होतात: मामांपाशी, ग्रंथपालांपाशी, वसतिगृहाच्या रेक्टर बाईंपाशी. ग्रंथपालांनी सांगितलं म्हणून तुम्ही स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांच्या जादा प्रती घेतल्यात, नाहीतर जुनी पुस्तकं पोत्यानं आणून टाकणारे पुष्कळ असतात. रेक्टर बाईंनी सांगितलं म्हणून मुलींच्या वसतिगृहात सॅनिटरी पॅडचं यंत्र बसलं, आणि ते विकत घेण्याचं काम तुम्ही माजी विद्यार्थिनींवर सोपवून स्वतः बाजूला झालात. या समजूतदारपणाबद्दल तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते.

माणसं जोडण्याची तुमची रीतही मला लिहून ठेवायची आहे. नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, समिती येणार म्हटलं की बऱ्याच ठिकाणी माजी विद्यार्थी आठवतात. मेळावा होतो, सह्या होतात, जेवण होतं आणि पुढची पाच वर्षं कुणी कुणाला विचारत नाही. मला याचं वाईट वाटतं, कारण त्या मेळाव्याला आलेला प्रत्येक जण मनापासून आलेला असतो. तुम्ही तिथे पैसे मागत नव्हतात. वही घेऊन एकेकाकडे जात होतात आणि म्हणत होतात, “वर्षातला एक दिवस दे. तारीख सांग, मी लिहून घेतो.” तारीख एकदा वहीत गेली की माणूस येतोच. त्यातून तलाठी झालेला मुलगा येऊन सातबारा आणि भरतीची परीक्षा दोन्ही समजावून गेला. सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार पहाटे मैदानावर मुलांना पळवून गेले. बंगळुरूची ताई सुट्टीत गावी आली की मुलाखतीचा सराव घेते, आधी मराठीत आणि मग इंग्रजीत, म्हणजे मुलांची जीभ अडखळत नाही.

आणि पैशाचा हिशेब! माजी विद्यार्थी संघाची रीतसर नोंदणी, स्वतंत्र बँक खातं, पावती, लेखापरीक्षण, आणि मेळाव्यात जमाखर्च मोठ्यानं वाचून दाखवणं. हे सगळं तुमच्या आग्रहामुळे झालं. सुरुवातीला काही जणांना तो हट्ट वाटला होता. पण बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला ठाऊक असतं की हिशेब दिसला तरच देणारा दुसऱ्यांदा देतो. आज परदेशातून कुणी विचारलं तर आम्ही त्याला वर्षाचं पत्रक लगेच पाठवू शकतो.

माझ्यापुरतं सांगायचं तर उचललेले पैसे मी एमएस्सीला असतानाच परत भरले. नोकरी लागल्यावर निधीत दर महिन्याला थोडी भर घालते. पण तुमच्याकडून शिकले म्हणून तेवढ्यावर थांबले नाही. नव्या शैक्षणिक धोरणानं एमएस्सीच्या पहिल्याच वर्षात ओजेटी, म्हणजे ‘ऑन जॉब ट्रेनिंग’, आलं आहे. ४ क्रेडिट, प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी. शहरातल्या मुलांना ओळखीनं कंपनी मिळते. आपल्या मुलांनी कुणाच्या दारात उभं राहायचं? म्हणून आमच्या साहेबांशी बोलले, मग मनुष्यबळ विभागाशी, मग पुन्हा साहेबांशी. आता दर वर्षी आपल्या कॉलेजची मुलं आमच्या प्रयोगशाळेत येतात. पहिल्या दिवशी एचपीएलसी, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र, समोर बघून त्यांचे चेहरे कसे होतात ते मला नीट कळतं, आणि ते यंत्र मी स्वतः त्यांना उलगडून दाखवते. लोणंदच्या, कुरकुंभच्या कंपन्यांत असलेल्या आपल्या मुलांनाही मी हेच विचारते आहे. काहींनी तारखा दिल्या आहेत.

तात्या, तुमचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत असं बाईंकडून कळलं. म्हणून यंदा कर्मवीर जयंतीची बैठक तळमजल्यावरच्या सभागृहात घ्यायचं ठरवलं आहे. २२ सप्टेंबर, सकाळी ध्वजवंदन आणि मिरवणूक झाल्यावर. जमाखर्च वाचायचं काम या वेळी माझ्याकडे आहे. पत्रकाचा कच्चा खर्डा सोबत पाठवते आहे. खानावळीच्या उचलीचा रकाना यंदा वेगळा काढला आहे, तो बरोबर वाटतो का ते बघा, आणि जिथे खटकेल तिथे नेहमीसारखी पेन्सिलनं खूण करा. तुम्हाला आणायला गाडी घेऊन आमच्या बॅचचा मुलगा येईल. सत्काराचा विषय कुणी काढणार नाही, तेवढा शब्द मी सगळ्यांकडून घेतला आहे.

काकूंना नमस्कार. आजोबा अजून तुमची आठवण काढतात. यंदा बाजरी बरी आहे, त्यातली थोडी तुमच्यासाठी घेऊन येते.

तुमची,
बीएस्सी रसायनशास्त्राची एक विद्यार्थिनी