दहा हजारात शाकारणी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शिक्षणावर देशाच्या उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करा असं कोठारी आयोग १९६६ ला सांगून गेला, २०२० च्या धोरणात परत तेच ६ टक्के. त्यावर मोठी माणसं लिहितातच. मी आपला संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीच्या झेडपी शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे, आमचा हिशोब हजारातला.

शाळेचा पट ११. समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेचं शाळा अनुदान पटावर ठरतं, ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार, त्याच्या वर १०० पर्यंत २५ हजार, असं चढत जातं. आता पोरं ११ असोत नाहीतर ९०, छप्पर तेवढंच ना, वासे तेवढेच, लाईटबिल पण येतंच, आणि वांदर काय पट विचारून कौलांवर नाचतात होय? मागच्या वर्षी छपराची निम्मी पाखी फोडून टाकली, कौलं तालुक्याहून टेम्पोने आणायची, वर सुताराची मजुरी, शेवटी चाकरमान्यांनी गणपतीत वर्गणी काढली तेव्हा ताडपत्री आली, तोवर जून-जुलै पोरं एकाच खोलीत कोपरा धरून बसली. बरं अनुदान येतं ते मार्चच्या तोंडावर, ३१ च्या आत खर्च दाखवा म्हणून. मग खडू, रजिस्टर घेऊन मोकळे. पण शाकारणी, म्हणजे पावसाआधी कौलं नीट करणं, होते एप्रिल-मेमध्ये.

बूट-मोज्यांना पोरामागे १७० रुपये आहेत. त्यात कसले बूट येतात ते सोडा, पण वरच्या धनगरवाडीतनं येणाऱ्या दोघांना पऱ्या म्हणजे ओढा ओलांडून यावं लागतं, ती प्लास्टिकच्या चपलाच घालणार. त्यांना रेनकोट हवेत, पण पैसे बुटाचे म्हणजे बुटाचेच! बूट कपाटात बुरशी खातायत.

गणवेशाचं तर २०२४ ला सगळ्या राज्याचं कापड एकदम घेऊन बचतगटांकडून शिवून द्यायचं ठरलं, आमच्याकडे १५ ऑगस्टचं झेंडावंदन जुन्याच कपड्यात झालं. डिसेंबरात ते काम परत समित्यांकडे दिलं, ते एक बरं केलं. तसंच छपराचं पण करा, पट न बघता इमारतीपुरते पैसे वेगळे द्या आणि मिरगाच्या आधी खर्चायला द्या.

साहेबलोकांना हे बोललं की पट नाही तर समूह शाळेत, म्हणजे छोट्या शाळा एकत्र करून केलेल्या मोठ्या शाळेत पाठवा म्हणतात. पहिलीतलं पोर पावसात एसटीच्या भरवशावर? त्यांनी एकदा जुलैमध्ये आमच्या साकवावरून चालून दाखवावं.

आपला,
एक पालक, संगमेश्वर