पुढच्या हिवाळ्यात तुम्ही दोघंही चला

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

आई, आधी तुझ्या काळजीचं. मुलं ठणठणीत आहेत. पोर्ट ब्लेअरहून (आता श्रीविजयपुरम) अंदमानातल्याच नील बेटावर (आता शहीद द्वीप) येताना कुणालाही बोट लागली नाही. निघताना हलकंच खायला दिलं, बोटीच्या मध्यावर बसवलं आणि तू दिलेल्या आल्याच्या वड्या थोरल्याने वाटभर चघळल्या. पाणी उकळलेलंच देते. मच्छरदाणी लावते. वाळूतल्या बारीक माश्या चावतात, म्हणून छोटीला पूर्ण बाह्यांचेच कपडे.

इथे सूर्य नाशिकपेक्षा सव्वा तास आधी उगवतो, पण घड्याळ तेच. पाचला फटफटतं आणि संध्याकाळी साडेपाचला दिवेलागण. त्यामुळे मुलं आपणहून पहाटे उठतात आणि सातला जेवून झोपतात. आई, हे वेळापत्रक तर तुझंच आहे!

दिवस मात्र भरती-ओहोटीवर ठरतो. ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून आदल्या रात्री हॉटेलवाल्या काकांना विचारून ठेवते. पाणी ओसरलं की खडकांत डबकी राहतात आणि त्यांत खेकडे, तारामासे, समुद्रकाकड्या. प्रवाळ धारदार असतं, तेव्हा पायात बूट हवेतच. थोरला एकेका डबक्यापाशी उकिडवा बसून राहतो. दिवसाला एकच ठिकाण बघतो आम्ही. लहान मुलांना घेऊन याहून जास्त धावू नये, असं माझं ठाम मत झालंय. शंख घरी न्यायला मनाई आहे हे समजावल्यावर तो प्रत्येक शंख पाहून जागच्या जागी ठेवतो. मला त्याचं फार कौतुक वाटलं.

बाबा, आता तुमच्यासाठी. परवा सेल्युलर जेल पाहिलं. चाकाच्या आऱ्यांसारख्या ७ इमारती होत्या, आता ३ उरल्यात. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे. भगूरचा वाडा तुम्ही मला बोट धरून दाखवला होतात. १९०९ मध्ये विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी नाशिकचा कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या, तिथून गोष्ट कशी अंदमानपर्यंत पोचली, हे तुम्ही सांगायचात. बाबाराव आणि तात्याराव, दोघे सावरकर भाऊ याच तुरुंगात होते, हे ऐकून थोरल्याने विचारलं, "मग ते एकमेकांशी खेळायचे का?" मी सांगितलं, पण मला ते तुमच्यासारखं जमत नाही. कैद्यांना जुंपायचे त्या तेलाच्या घाण्यापाशी, कोलूपाशी उभी असताना सारखं वाटत होतं, हे त्याला आजोबांकडूनच कळायला हवं होतं.

म्हणून हे पत्र. पुढच्या हिवाळ्यात तुम्ही दोघं आमच्याबरोबर याच. पावसाळ्यात समुद्र खवळतो, बोटी रद्द होतात. डिसेंबर ते मार्च बरा. आईच्या गुडघ्यांचा विचार केलाय: जेलमध्ये वर जायला जिने आहेत, पण अंगण आणि कोलूची जागा खालीच आहे. बेटावर आरोग्य केंद्र छोटं आहे, मोठ्या उपचारांसाठी पोर्ट ब्लेअरला यावं लागतं. तेव्हा बाबांची बीपीची औषधं जास्तीची घेऊ आणि निघण्याआधी डॉक्टरांना दाखवून येऊ.

मुंबईहून कोलकाता किंवा चेन्नईमार्गे विमान सोयीचं पडेल. तिकिटं लवकर काढली तर स्वस्त मिळतात, तेव्हा आम्ही गंगापूर रोडला परतलो की बसून तारखा ठरवू. काकूंचं लग्नकार्य कधी आहे तेवढं विचारून ठेवा.

तुमची,
ताई