धोपावे जेटीवरच्या त्या दोघांना

परवा बी.एड.चा निकाल लागला, मी पास झाले. आम्ही वर्गात सरावाचे पाठ घ्यायचो तेव्हा ते तपासायला मागच्या बाकावर बसणाऱ्या मॅडम आता कॉलेजच्या प्राचार्य झाल्यात, त्यांना पेढे देऊन आले. पण ज्यांची नावंही मला ठाऊक नाहीत, त्यांचे आभार राहिलेत.

दुसऱ्या वर्षाला 16 आठवडे शाळेत आंतरवासिता असते, म्हणजे खऱ्या वर्गात शिकवण्याचा सराव. माझी शाळा खाडीपलीकडे, दाभोळच्या बाजूला. वार्षिक पाठाच्या, म्हणजे परीक्षेसाठी वर्गात शिकवून दाखवायच्या दिवशी पावसाने झोडपलं. हातात पाठ टाचणाची वही, बगलेत खाडी आणि खारफुटीचा मोठा तक्ता, दोन रात्री जागून रंगवलेला. धोपावे जेटीवर माशांची पाटी घेऊन बसलेल्या एका मावशींनी काही न विचारता पाटीवरचं प्लास्टिक काढलं नि तक्त्याला गुंडाळलं. "माझी मासळी भिजली तर काय होतंय गो, तुझी शाळा भिजता नये." फेरीबोट सुटत होती. दोर सोडणाऱ्या दादांनी मला धावताना पाहिलं आणि थांबले.

तक्ता कोरडा पोचला. सातवीच्या मुलांनी त्यावर आपापली वाडी शोधली.

मावशी, दादा, मनापासून आभार. मावशी, तुमचं प्लास्टिक धुऊन जपून ठेवलंय, जेटीवर तुम्हाला शोधतेय.