बोर्ड बंद आहे तो मॅडममुळे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला खेड्यातल्या शिक्षकांवरचा लेख वाचला. आमच्याकडे पेपर दुपारच्या एसटीनं येतो, तोही एसटी आली तर, म्हणून पत्राला एक दिवस उशीर. लेखक महाशय म्हणतात की सरकारनं महागाचे, बोटानं चालणारे इंटरॅक्टिव्ह बोर्ड दिले, पण जिल्हा परिषदेचे गुरुजी हातातला खडू सोडायला तयार नाहीत. त्यांची 'मानसिकता' बदलली पाहिजे. लेख मोठा अभ्यासपूर्ण आहे. लेखकांनी यवतमाळ जिल्ह्याचं नाव दोनदा घेतलंय. त्यांची गाडी पांढरकवड्याच्या पुढं कधी डांबर सोडून खाली उतरली का, तेवढं लिहायचं राहून गेलं.

मी शिक्षक नाही. माझी कोरडवाहू कपाशी-तूर आहे आणि मोटर रिवाइंडिंगचं छोटं दुकान. मुलगी चौथीत आहे, म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत आहे. आमच्या शाळेत ग्रामपंचायतीच्या निधीतून बोर्ड आला तेव्हा बसवणारी पोरं चार स्क्रू मारून, फोटो काढून निघून गेली. शाळेला अर्थिंगच नव्हती. मीठ-कोळसा घालून अर्थिंगचा खड्डा आम्ही गावातल्यांनी केला. हरभऱ्याला पाणी सुरू झालं की आमच्याकडं रात्रीचा बल्ब नुसता लाल दिसतो, एवढा व्होल्टेज पडतो. एवढं महाग यंत्र, पण स्टॅबिलायझरची तरतूद नाही. तो माझ्या दुकानातला जुना दुरुस्त करून लावला.

आता त्या 'मानसिकते'चं ऐका. आमच्या शाळेत अर्धी लेकरं बंजारा तांड्यावरची, घरी गोरमाटी म्हणजे बंजारा बोली बोलणारी. पहिलीत आली की मास्तर काय म्हणतात तेच त्यांना कळत नाही. कंपनीनं बोर्डात भरून दिलेल्या धड्यांत समुद्रकिनारा होता, बर्फातली घरं होती, ज्वारीचं कणीस काही सापडलं नाही. आमच्या शाळेच्या मॅडमनी काय केलं? सुट्टीच्या दिवशी तांड्यावर जाऊन एका म्हाताऱ्या आजीकडून भांड्यांची, धान्याची, पाखरांची नावं आपल्या मोबाइलवर रेकॉर्ड करून आणली. साध्या पॉवरपॉइंटमध्ये चित्रं लावली. चित्राला बोट लावलं की आधी आजीचा आवाज, मग तोच शब्द मराठीत. पहिल्या दिवशी एक पोट्टं आजी कुठं लपली ते पाहायला बोर्डाच्या मागं वाकून आलं. जे लेकरू वर्गात तोंड उघडत नव्हतं ते दिवसभर बोर्डापुढून हलत नव्हतं. खडू न सोडणाऱ्या बाईंचं हे काम. लेखकांनी त्यांच्या शहरातल्या कोणत्या शाळेत असं काही पाहिलं असेल तर कळवावं.

मग दिवाळीनंतर बोर्ड बिघडला. आपोआप रेघा ओढायचा, पानं उलटायचा. लेकरं म्हणे त्यात भूत शिरलं. भूत कसलं! आमच्या बोर्डाच्या चौकटीत कडेनं बारीक इन्फ्रारेड दिवे आहेत आणि समोरच्या कडेला ते किरण पकडणारे सेन्सर. बोट टेकलं की तिथले किरण अडतात, त्यावरून बोट कुठं आहे ते बोर्डाला कळतं. त्या कडेवर धूळ साचली तरी किरण अडतातच. आमच्या शाळेसमोर व्यापाऱ्याचा कापसाचा वजनकाटा लागतो. दिवाळीपासून ट्रॅक्टर उभे असतात आणि वर्गभर कापसाचे तंतू उडत असतात. वरून शेजारच्याच फळ्याची खडूची भुकटी. खालची कड पांढरी झाली होती. कोरड्या मऊ फडक्याचं काम!

मी म्हटलं, मॅडम, मी पुसून देतो. तर त्या हात जोडून म्हणाल्या, "भाऊ, हात नका लावू. शाळेच्या सामानाच्या डेडस्टॉक रजिस्टरला माझ्या सहीनं चढला आहे तो. उद्या काही झालं अन् कंपनी म्हणाली बाहेरच्या माणसानं हात लावला, तर पैसे माझ्या पगारातून जातील न."

त्यांनी कंपनीच्या टोल फ्री नंबरवर तक्रार केली. कोणी आलं नाही. काही दिवसांनी मोबाइलवर मेसेज मात्र आला की आपल्या तक्रारीचं निराकरण झालं आहे! पुन्हा तक्रार केली, पुन्हा निराकरण झालं. बोर्ड तसाच, आणि कंपनीच्या कागदावर दोनदा दुरुस्त.

अशात एक साहेब भेटीला आले. बोर्ड बंद का म्हणून त्यांनी विचारलं. मी तिथंच होतो, सांगायला पुढं झालो तर "तुम्ही थांबा" म्हणाले. मॅडमनी मेसेज दाखवले. साहेबांनी ते वाचले आणि म्हणाले, कंपनीनं तर दुरुस्त केला आहे. पुढच्या आठवड्यात मॅडमना नोटीस. उपलब्ध साधनांचा अध्यापनात वापर का केला नाही, खुलासा करा. त्या दिवशीपासून बोर्डावर चादर आहे. तांड्यावरच्या आजीचा आवाज आता मॅडमच्या छोट्याशा मोबाइलवर, लेकरं गोल करून बसतात आणि ऐकतात. लेखकांनी येऊन ती चादर पाहिली असती तर त्यांच्या लेखाला फोटोही मिळाला असता.

संपादक साहेब, २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम आला तेव्हा वर्ग डिजिटल करायला दारोदार लोकवर्गणी मागत फिरले ते शिक्षकच. २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालेले डिसले गुरुजी परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेवरच होते, पुस्तकात क्यूआर कोड चिकटवायला त्यांना कोणी नोटीस काढून सांगितलं नव्हतं. शंभरापर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान जास्तीत जास्त २५,००० रुपये. त्यातच लाइट बिल, त्यातच झाडू-फिनाइल, खडूही त्यातच. तालुक्याला एक मेकॅनिक द्या, आणि वापरताना बिघडला तर शिक्षकाकडून वसुली होणार नाही असं एका कागदावर लिहून द्या. मग मानसिकता पाहू.

लिहितोच आहे तर आणखी एक. तुमचं मुलांचं पान कागद महागला म्हणून बंद केलं म्हणे. जाहिरातींची पानं बरी वाढली! त्या पानावरची कोडी आणि चित्रं आमची लेकरं कापून भिंतीला लावत होती, तीही सेन्सरविना चालत होती. ते पान परत सुरू करावं, रविवारी जमत नसेल तर गुरुवारी चालेल, गुरुवारी आमचा बाजार असतो आणि एसटी हमखास येते.

पत्र छापलं तर माझं नाव आणि गाव छापू नये. मॅडमचा खुलासा अजून वर पडून आहे.

आपला,
एक पालक, जि. यवतमाळ